दुसरा मैल फुकट

बायबलचं वचन नुसतं ऐकून घरी जाणाऱ्यांचे किस्से होत नाहीत. ते खरंच पाळायला निघालं की मात्र किस्से इतके साठतात, की सांगणाऱ्याचा चहा गार होतो. आमची नवीन पनवेलमधली घरसभा ही दुसऱ्या जातीची!

सभा दर गुरुवारी संध्याकाळी कमलमावशींच्या हॉलमध्ये. मावशींचे गुडघे गेलेले, चर्चपर्यंत जाणं सुटलं, म्हणून चर्च त्यांच्याकडे येतं. आमच्या पाळकसाहेबांचा नियम एकच. प्रत्येक सभेत एक वचन घ्यायचं, आठवडाभर पाळायचं आणि पुढच्या गुरुवारी सांगायचं. "स्पष्टीकरण नको, केलं का ते बोला!"

आणि मावशींच्या खालच्या मजल्यावर म्हात्रेभाऊ. गावची जमीन विमानतळात गेली तेव्हा ते इथे राहायला आले. आमच्या ढोलकीला वैतागून त्यांनी सोसायटीत अर्ज दिला, की ही सभा बंद करा. सोसायटी बंद करणार की काय, ही धास्ती त्या सगळ्या दिवसांत होती. सभा गेली असती, तर मावशींचं चर्चच गेलं असतं.

*

डॅनियल आमचा रिक्षावाला आणि ढोलकीवालाही. कुणी एक मैल चल म्हणालं तर दोन मैल जा, असं वचन त्याच्या वाट्याला आलं. पठ्ठ्यानं स्टेशनवरून एक बाई घेतल्या. बाईंचं गेट आलं आणि मागे गेलं. रिक्षा थांबेना.

"अहो, माझं घर गेलं! थांबवा!"

डॅनियल प्रेमानं मागे वळून म्हणाला, "घाबरू नका ताई, दुसरा मैल फुकट आहे!"

बाईंनी पर्स त्याच्या डोक्यात घातली. गुरुवारी टेंगूळ चोळत तो म्हणाला, "केलं. पूर्ण नाही झालं."

*

हसू नका, माझंही ऐका. दान गुपचूप करा, असं वचन होतं. आमच्या शेजारी नवीन बिऱ्हाड आलं होतं, आई आणि मुलगा. मुलगा उलव्याला बांधकामावर सुपरवायझर. मी मस्त पुलाव केला, वर उकडलेलं अंडं ठेवलं, बाजूला लिंबू, आणि पत्रावळ त्यांच्या उंबऱ्याशी ठेवून पळाले.

नेमकी अमावस्या!

दार उघडल्याबरोबर त्या आई किंचाळल्या. भात, अंडं, लिंबू, म्हणजे उताराच की! वॉचमन आला, सेक्रेटरी आले, हात लावायला कुणी तयार नाही. दिवसभर अख्खा मजला भिंतीला चिकटून लिफ्टपर्यंत जात होता. गुपित ठेवायचं होतं ना, म्हणून मीही भिंतीला चिकटूनच गेले!

*

एकदा वचन आलं, मानाच्या जागी बसू नका. त्याच आठवड्यात चर्चच्या मंडळीत लग्न होतं. आम्ही सगळे धावतपळत जाऊन शेवटच्या रांगेत. पुढच्या खुर्च्या ओस. मुलीचे वडील हात जोडून विनवतायत, पण कुणी हलेना, उलट मागच्या खुर्चीसाठी दोघांत बाचाबाची! शेवटी पाळकसाहेब माईक ओढत हॉलच्या मागच्या टोकाला आले आणि आमच्यासमोर उभे राहून म्हणाले, "घ्या, आता ही पहिली रांग झाली."

*

मग आलं वैऱ्याला जेवू घालण्याचं वचन. सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं आणि मावशींनी खाली, जमिनीकडे. म्हणजे म्हात्रेभाऊंच्या छताकडे.

मावशी नगरकडच्या. मटण करावं तर त्यांनीच, पण मासळीशी त्यांचा संबंध चित्रातला. तरी आगरी माणसाला मासळीच आवडणार म्हणून त्यांनी ओल्या बोंबलाचं कालवण केलं आणि डॅनियलच्या हाती खाली पाठवलं.

दुसऱ्या दिवशी म्हात्रेभाऊंच्या मंडळी, हिराबाई, पातेलं घेऊन वर आल्या. "मावशी, आमचे हे इचारतात, ह्यो जेवन हाय का सूड?"

मात्र भांडं रिकामं परत करायची रीत त्यांच्याकडे नाही. पातेल्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्या. मग मावशींना कसं चालेल? त्यांनी पातेलं शेंगदाण्याची चटणी घालून धाडलं. तिकडून सुकट आली. अर्ज सोसायटीच्या कपाटात तसाच, भाऊ जिन्यात तोंड फिरवणार तेही तसंच, आणि पातेलं आपलं खालीवर चालू!

गुरुवारी मावशी म्हणाल्या, "केलं. वैऱ्यानं खाल्लं नाही, पण वैऱ्याची बायको मासळी शिकवायला येते."

*

अर्जावर सोसायटीची मीटिंग रविवारी ठरली. त्याआधीच्या गुरुवारचं वचन होतं, कुणी सदरा मागितला तर अंगरखाही देऊन टाक.

मावशी म्हणाल्या, "भाऊंनी ढोलकी बंद करा म्हटलंय. आज आपण आवाजही देऊन टाकू."

"मावशी, त्या वचनाचा अर्थ जरा वेगळा..." पाळकसाहेब म्हणाले.

"अर्थ तुम्ही नंतर सांगा. आधी पाळू या."

सांगते, मला रडू येत होतं. ही कदाचित शेवटची सभा, आणि ती अशी? पण बसलो. ढोलकी नाही, टाळ्या नाहीत, सगळ्यांचे नुसते ओठ हलतायत. मावशी डोळे मिटून मनातल्या मनात गात होत्या आणि चेहऱ्यावर केवढा आनंद!

दुसऱ्या गाण्याला दारावर थाप पडली. मी उघडलं. म्हात्रेभाऊ उभे, मागे हिराबाई, पदर तोंडाला. भाऊंनी दाराबाहेरचा चपलांचा ढीग पाहिला, आत माना खाली घातलेली माणसं पाहिली आणि हात जोडले.

"कधी गेल्या?"

"कोण?" मी विचारलं.

आतून मावशी म्हणाल्या, "या भाऊ, बसा."

भाऊ दोन पावलं मागे सरकले. मग बघतच राहिले. "तुमी हाव? मंग आवाज का नाय?"

"तुम्हाला त्रास होतो ना. म्हणून गाणंही बंद केलं."

भाऊंनी एकदा हिराबाईंकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग आत येऊन सतरंजीच्या कडेला बसले.

"अर्ज मी उद्याच मागं घेतो. पन एक अट हाय."

"काय भाऊ?"

"पुन्ना असा गप बसायचा नाय. खाली हिनं रडायला सुरवात केली!"