पाणी नसलेला अध्याय

डॉक्टरांनी रिपोर्ट पालथा करून टेबलावर ठेवला, तेव्हाच मी काय ते समजले. आकडा चांगला असला की ते कागद आपल्याकडे सरकवतात.

“क्रिएटिनिन फार वाढलंय. दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागेल,” ते म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, “आणि आजपासून पाणी मोजून प्यायचं. दिवसाला पाऊण लिटर. चहा, वरण, ताक सगळं त्यातच.”

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी चांगली असली की तो लघवीवाटे निघून जातो. ती थांबली की यंत्रानं रक्त गाळून परत अंगात सोडावं लागतं, त्याला डायलिसिस म्हणतात. बदनापूरच्या शाळेत मी वीस वर्षं विज्ञान शिकवते. किडनीची आकृती डोळे मिटून काढीन. पण सकाळी डोळ्यांखाली सूज यायची, संध्याकाळी चपला घट्ट व्हायच्या, तेव्हा मी उभं राहून शिकवण्याला दोष देत बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हे मी लिहिते आहे ते नव्यानं डायलिसिसवर आलेल्यांसाठी. सुईची भीती आठ दिवसांत जाते. हातातली शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात, म्हणजे सुई टोचायला एक जाड शीर तयार होते. तीही अंगवळणी पडते. तहान मात्र अंगवळणी पडत नाही. लघवी बंद झाली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं, पायांत उतरतं, मग छातीत चढतं. आणि जालन्याचा उन्हाळा हे ऐकून घेत नाही.

चर्चच्या रविवारच्या शाळेत मी मुलांना ख्रिस्ताची परीक्षा शिकवत आले होते. अरण्य, चाळीस दिवसांचा उपास, धोंड्यांच्या भाकरी कर म्हणणारा सैतान. मोह म्हटला की मुलं दारू, जुगार, चोरी अशी नावं घ्यायची आणि मी फळ्यावर लिहायची. पाण्याचा तांब्या कुणी सांगितला नाही, मलाही सुचला नव्हता.

माझ्या सासूबाईंचं नाव मार्था. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. आम्ही त्यांना आई म्हणतो. माझ्या पाण्याचा सगळा कारभार त्यांनी हातात घेतला. माठ घरातून हलवून मागच्या पडवीत नेला. चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षारस देतात ते पेले धुण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे आहे. त्यातले टवके उडालेले बोटभर उंचीचे चार पेले पाळकसाहेबांकडून मागून आणले आणि मला त्यातूनच पाणी देऊ लागल्या. “पेला लहान आसला म्हंजी तहानीला वाटतं, लई पेलो,” त्यांचं म्हणणं. तहान इतकी भोळी नाही, पण मी तसं बोलले नाही.

तहान लागली की बायबलमधलं वचन म्हणायचं, असं आम्ही ठरवलं. पहिल्याच दिवशी अडचण आली. तेविसावं स्तोत्र घेतलं तर त्यात संथ पाणी. बेचाळिसावं घेतलं तर हरिणी ओढ्यासाठी धापा टाकते आहे. शोमरोनी बाई विहिरीवर, मोशे खडकातून पाणी काढतो आहे. आमचं पवित्र शास्त्र कोरड्या मुलखात लिहिलं गेलं, त्यामुळे पानोपानी पाणी. माझं तर नावच रिबका, अब्राहामाच्या चाकराला आणि त्याच्या उंटांनाही पाणी पाजणारी.

आईंनी चष्मा लावून दोन दिवस शास्त्र चाळलं आणि तिसऱ्या दिवशी मत्तयाचा पहिला अध्याय पुढे ठेवला. “ह्ये म्हण. ह्यात पाण्याचा थेंब न्हाई. मी बराबर बघितलं.”

तो वंशावळीचा अध्याय. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत अमक्याला तमका झाला, बेचाळीस पिढ्या. सगळ्यांनी घाईघाईनं वाचून सोडलेला. मी तो पाठ केला. सल्मोन, बवाज, ओबेद, इशाय. जीभ टाळूला चिकटलेली असायची, पण जरुब्बाबेलपर्यंत पोहोचले की तहान थोडी मागे सरायची. वर्गात, रेल्वेत, डायलिसिसच्या खुर्चीत, सगळीकडे मी ती नावं म्हटली. दीड वर्ष त्यांच्यावर काढलं. देवानं ती यादी माझ्यासाठी राखून ठेवली होती, असं मी आजही मानते.

मग उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे आला. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये बारा ते तीन उपासना असते. ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळकसाहेबांनी मला पाचवा दिला: मला तहान लागली आहे. “तुमच्याइतकं याच्यावर कोण बोलणार?” ते म्हणाले. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं.

माझं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं, नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या सेंटरवर. मंगळवारी मी तिथल्या टेक्निशियनला म्हणाले, या वेळचा शुक्रवार शनिवारी करा. तो कागदावरून मान वर न करता म्हणाला, “मॅडम, चार दिस व्हतेत. पाणी काई सण पाळत न्हाई.” मी हसले. ज्याच्यासाठी जाते आहे तो सांभाळेल, म्हणाले. घरी सांगितलं, सेंटरनंच वार बदलला. आईंशी मी बोललेलं ते पहिलं खोटं.

शुक्रवारी पाय जड होते. चौथा उद्गार चालू असताना मी कागद एकदा वाचून घ्यावा म्हणून बाजूच्या खोलीत गेले. तिथे ओलं फडकं गुंडाळलेला माठ होता. म्हातारी माणसं त्या दिवशी तीनपर्यंत पाणीही घेत नाहीत, म्हणून काठोकाठ भरलेला. मी अब्राहामापासून सुरुवात केली. दावीदापर्यंत आले. तोवर तांब्या माझ्या हातात होता.

एक नाही, तीन तांबे प्याले. खोटं कशाला सांगू, त्या पाण्याइतकं गोड मी आयुष्यात काही प्याले नव्हते.

नाव पुकारलं तशी वेदीजवळ गेले. उद्गार वाचला आणि पुढचा शब्द निघेना. श्वास अर्धाच आत जात होता. समोर आई, सकाळपासून कोरड्या, ओठ मिटून माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. माझ्यानं राहवलं नाही.

“मी आत्ता पाणी पिऊन आले,” मी म्हणाले. “आणि आजचं डायलिसिस मीच चुकवलंय.”

आई उठल्या. काठी टेकत पुढे आल्या आणि माझा हात धरला. “मंग आता हितं काय करून राह्यलीस? चल.” माझे यजमान डॅनियल गाडीची किल्ली शोधायला धावले. आम्ही बाहेर पडलो, तेव्हा मागे पाळकसाहेब सर्वांना गुडघ्यांवर यायला सांगत होते.

सेंटरवर वजन साडेचार किलोनं जास्त भरलं. टेक्निशियननं ऑक्सिजन लावला आणि यंत्र जोडलं. श्वास जागेवर आल्यावर डॉक्टर आले. “याला पल्मनरी एडिमा म्हणतात, म्हणजे फुप्फुसात पाणी. अजून तासभर थांबला असतात तर मी काही करू शकलो नसतो.” दाराशी जाऊन ते परत वळले. “प्रार्थना जरूर करा. पण खुर्चीची वेळ झाली की खुर्चीत बसून करा.”

मी पडल्या पडल्या विचार केला. धोंड्यांच्या भाकरीवर मी मुलांना तासभर शिकवायची आणि पुढची परीक्षा घाईत उरकायची. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत झेलतील. ते सांगताना सैतान चक्क स्तोत्रातलं वचन वापरतो. तांब्या हातात घेतला तो शुक्रवारी. उडी मी मंगळवारीच टाकली होती, तीही देवाचं नाव घेऊन. तुमच्यापैकी कुणाच्या मनात श्रद्धेच्या नावाखाली एखादं डायलिसिस चुकवायचं येत असेल, तर माझा टेक्निशियन काय म्हणाला ते आठवा.

आई खुर्चीशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. खोटं बोलल्याबद्दल मी माफी मागितली. “मला काल रातच्यालाच शंका आल्ती,” त्या म्हणाल्या. “पण तू इतकी खुशीत व्हतीस.” मग त्यांनी माझ्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवला आणि आम्ही दोघी थोडा वेळ रडलो.

तीन वाजून गेले होते. नर्सनं त्यांना पाण्याची बाटली आणून दिली. आई बाटली घेऊन उठल्या आणि दाराकडे निघाल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं. दीड वर्षात मी त्यांना पाणी पिताना पाहिलंच नव्हतं.

“आई, कुठं चाललात?”

“बाहीर. पिऊन येते.”

“घरीही असंच करता?”

“पडवीत जाऊन पिते. त्यात काय.”

भर उन्हाळ्यात, काठी टेकत, प्रत्येक घोटासाठी पडवीत. मी त्यांना परत बोलावलं. “इथं बसा. माझ्यासमोर प्या.”

“तुला तरास व्हईल.”

“होऊ द्या. मला बघायचंय.”

त्या बसल्या. भीतभीत एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग बाटली तोंडाला लावली. गळ्याची सैल कातडी वरखाली होत होती, थोडं पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं. मी ओठांवर वंशावळ तयार ठेवली होती. अब्राहामापासून सुरुवात केली आणि इसहाकापाशीच थांबले. पुढच्या नावांची गरज पडली नाही.