तोरुनचा खराटा

बर्फ सरलं की आमच्या इमारतीत एका शनिवारी दुग्नाद असतो. सगळ्यांनी खाली उतरायचं, हिवाळाभर पाय घसरू नये म्हणून वाटेवर टाकलेली बारीक खडी झाडायची, मग अंगणात सॉसेज भाजून खायचे. जो येत नाही त्याला कोणी काही बोलत नाही, पण वर्षभर विसरतही नाही.

तिसऱ्या मजल्यावर तोरुन एकटी राहते. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी; उजवा हात आखडलेला, गुडघे आत वळलेले, बोलणं जड. बंदराच्या कचेरीत नोकरी, स्वतःची गाडी, बुधवारी पोहणं. सकाळी बटणं लावतानाच निम्मा जीव जातो, पण लावते तीच. राहायला आली तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षीणबाई उन्नीनं तिला कॉफीच्या थर्मासपाशी बसवलं होतं. "तू आपली कप दे सगळ्यांना." दोन वर्षं तिनं कप दिले. तिसऱ्या वर्षी खराटा ओढून घेतला, दांडा काखेत दाबला. तेव्हापासून सायकलींच्या छपरापासून फाटकापर्यंतची वाट तिची.

यंदा ती शेहेचाळिसची. असलं शरीर लवकर झिजतं; नुसतं चालायलाही दुप्पट ताकद खातं. थोडं झाडलं आणि तिची कंबर धरली. बाक शेजारीच होता.

"टेक की जरा," मी म्हटलं.

"टेकले की संपलं. पुढच्या वर्षी उन्नी परत थर्मास देईल हातात. खराट्यासाठी पुन्हा भांडायचं बळ नाही उरलं माझ्यात."

पलीकडे झाडणारा हालवार्ड म्हातारा म्हणाला, "काय गं, झाडतीयेस का नाचतीयेस? खडी हसतीय तुला."

"तुझ्या गुडघ्यांना हसत असेल."

आणखी दोन हात मारले आणि ती बाकावर मटकन बसली. उन्नी लगबगीनं आली, खराट्याकडे हात नेला.

"असू दे तिथंच," तोरुन डोळे मिटून म्हणाली. "दमलेय मी. आज होत नाही. वाट माझीच आहे, सोमवारी झाडीन."

"अगं, पण दुग्नाद आज आहे."

"मग तुमचा आटपा."

हालवार्डनं खराटा टाकला. "सरक," म्हणाला आणि तिच्या शेजारी बूड टेकवलं. "मला वाटलं, ही बया काही बसू देत नाही आज."

फाटकाशी पोचायला तोरुनला पुढचा गुरुवार उजाडला. कामावरून यायची, थोडं झाडायची, बाकावर बसायची. तोवर आम्ही सगळे त्या खडीवरून करकर वाजवत जात-येत होतो. उन्नीसुद्धा.