चांदणी, त्रिकोण आणि आईची वजनं

आटपाट डिलाईल रोड होता. तिथे चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी राहायची, म्हणजे मी. माझा मुलगा विलास, आणि त्याची लेक ऋतुजा. ज्या घरात नोकरीची परीक्षा चालू असते, तिथे किस्से तांदळातल्या खड्यांसारखे निघतात. निवडत बसावं तेवढे आणखी!

मी शाळेत गेले नाही. एकदा ऋतुजाच्या वहीत नुसत्या चांदण्या आणि त्रिकोण दिसले. मी विचारलं, "रांगोळी काढतेस गो?"

"आकडे आहेत, आजी! चांदणी म्हणजे शून्य, त्रिकोण म्हणजे एक."

"मग सरळ एक लिहायला काय धाड भरली त्यांना?"

ती हसली नाही. याच कोड्यांपायी नोकरीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. आता शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर दादरला साडीच्या दुकानात उभी राहीन, असं तिनेच बापाला सांगितलं होतं.

•

क्लासचे सर म्हणाले, पाठ कर. ती गॅलरीत घोकायची, "त्रिकोण एक घर डावीकडे सरकला की दुप्पट, अजून सरकला की त्याच्या दुप्पट..." घोकता घोकता रडायची.

दुप्पट म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. माझी आई भायखळ्याच्या मंडईत कांदे विकायची, वजनं मी द्यायची. ट्रंकेतून तिची पाच वजनं काढली आणि ओळीने मांडली. शेर, अर्धाशेर, पाव, अदपाव, छटाक. छटाक सगळ्यात लहान, ते उजव्या हाताशी, कारण ते सारखं लागतं; तिथून डावीकडे प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट.

"तराजूत घातलं की त्रिकोण, नाही घातलं की चांदणी. दे मला तेरा छटाक कांदे!"

तिने अर्धाशेर, पाव आणि छटाक उचललं. मग वहीत चांदणी, त्रिकोण, त्रिकोण, चांदणी, त्रिकोण असं लिहिलं आणि बघतच राहिली.

"पण आजी, रिकाम्या जागेची चांदणी कशाला लिहायची?"

"मधली जागा गाळलीस तर अर्धाशेराचा पाव होईल. गिऱ्हाईक चप्पल काढेल!"

•

तिची मैत्रीण सायली पण यायला लागली. हुशार पोर, पण सगळी उत्तरं चुकायची. "आजी, तुमची वजनं खोटी आहेत!"

माझ्या आईची वजनं खोटी? मी नीट पाहिलं. बाई माझ्या समोर बसली होती, तिचं छटाक डावीकडे!

"अगो, गिऱ्हाईकाच्या बाजूला कशाला बसलीस? इकडे ये, माझ्या पाटावर!"

•

विलास आठवी नापास, म्हणून शाळा सुटली. आता मॉलमध्ये लिफ्ट चालवतो. एका रविवारी पोरी गेल्यावर तो हळूच पाटावर येऊन बसला. सोळा छटाक, एकोणीस छटाक, सगळं बरोबर सांगितलं. मग वजनं पुसत म्हणाला, "आई, हे मला लहानपणी का नाही शिकवलंस?"

"मला कुठे ठाऊक होतं रे, की हे गणित आहे!"

पुसलेलं छटाक त्याने परत माझ्या उजव्या हाताशी ठेवलं.

•

परीक्षेच्या हॉलमध्ये वजनं नेऊ देत नाहीत. ऋतुजाने उजव्या हाताची पाच बोटं टेबलावर ठेवली आणि एकेक उचलत, टेकवत बसली. देखरेखीच्या मॅडम जवळ आल्या. "काय मोजतेस गं?"

"कांदे, मॅडम!"

•

ती पास झाली. पत्र आलं. विलासने ते चाळभर तीनदा वाचून दाखवलं. वजनांना हळदकुंकू लावून मी ती देवापुढे ओळीने मांडली.

सोमवारी ऋतुजा पहिल्यांदा ऑफिसला निघाली. पाया पडायला वाकली, तेव्हा पर्समध्ये काहीतरी टण्ण वाजलं.

"काय गो ते?"

"डबा, आजी!" म्हणत जिना उतरली पण.

मी पूजेला बसले, तर देवापुढे चारच वजनं. उजवीकडची शेवटची जागा रिकामी. विलास घाबरला, कॉटखाली वाकून शोधायला लागला.

म्हटलं, "ऊठ रे. तिथे चांदणी आहे."