कंपनीची आमटी

कंपनीने आधी आम्हाला सिनेमा दाखवला. भोपाळच्या आमच्या टाउनशिपच्या क्लबात एरवी गणपतीतली नाटकं व्हायची, नाहीतर निवृत्त होणाऱ्यांना हार घातले जायचे. त्या रविवारी तिथे पांढरा पडदा लागला आणि समोर सगळ्या बायकाच बायका. नवरे सगळे एकाच सरकारी कारखान्यात. वीज तयार करायची अवजड यंत्रं तिथे बनायची. माझे बाबा तिथे फोरमन होते. मी कॉलेजात होते, आणि कॉलेजातल्या मुलीला शोभेल इतकी तुच्छता चेहऱ्यावर आणून आईच्या शेजारी बसले होते.

पडद्यावर एक थंड, धुरकट, समुद्राकाठचं गाव आलं. तिथला एक किराणावाला. त्याने म्हणे वाळवलेले वाटाणे दळले, त्यात मीठ आणि सुकवलेला कांदा घातला आणि खलाशांसाठी पुड्या बांधल्या. पुडी फोडा, उकळतं पाणी ओता, सूप तयार. खलाशी त्या पुड्या घेऊन बंदराबंदरांत गेले आणि परत येताना लोकांच्या मागण्या घेऊन आले. मग त्याच्या मुलांनी यंत्रं आणली, नातवांनी कोको आणि बाळांच्या खाण्याचे डबे काढले, लढायांमध्ये सैनिकांच्या पाठपिशव्यांतून त्याच पुड्या गेल्या. शेवटी जगाचा काळा नकाशा आला आणि त्यावर एकेका देशात दिवा लागत गेला. सगळ्यात शेवटचा दिवा लागला तो आपल्या देशाच्या बरोब्बर पोटात, भोपाळवर. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझेही हात कधी वाजले ते मला कळलं नाही.

मग कंपनीच्या एक बाई उभ्या राहिल्या. सुती साडी, छोटे केस, स्वच्छ हिंदी. त्या म्हणाल्या, मंडीदीपला आमचा कारखाना उभा राहिला आहे, तिथे घरच्यासारख्या डाळींच्या तयार पुड्या करायच्या आहेत. त्यासाठी चव सांगणाऱ्या बायका हव्यात. आणि तुमच्यासारख्या बायका देशात दुसरीकडे एका जागी सापडणार नाहीत.

खरंच होतं ते. आमच्या एका गल्लीत बंगाली, मल्याळी, तेलुगू, सरदार, आणि नागपूरहून आलेले आम्ही, सगळे एकसारख्या पिवळ्या क्वार्टरांत नंबर लावून राहत होतो. संध्याकाळी सायकलवरून गल्लीत शिरलं की मोहरीचं तेल, खोबरेल, तूप अशा फोडण्या ओळीने लागायच्या. सरकारने आम्हाला यंत्रं बनवायला गोळा केलं होतं. कुठल्या तरी परक्या देशातल्या माणसाने नकाशावर बोट ठेवून ओळखलं की इथे अख्ख्या देशाच्या जिभा एका बसच्या फेरीत मिळतील! मला त्या अकलेचं इतकं नवल वाटलं की चेहऱ्यावरची तुच्छता गळून पडली.

बाबांना नवल वगैरे वाटलं नाही. गॅसच्या त्या रात्रीनंतर परदेशी कंपनी म्हटलं की आमच्या शहरात मोठ्या माणसांचा आवाज अजूनही खाली येतो, आणि बाबा तर कारखान्यातले. ते म्हणाले, "त्या पुड्यांत काय घालतात ते आधी विचार. आणि जायचंच असेल तर हिला सोबत ने." ही म्हणजे मी.

"आणि एवढी जुनी कंपनी म्हणतेस," ते पुढे म्हणाले, "तर इतकी वर्षं होऊनही आमटीच शिकतेय होय?"

आई हसली नाही. तिला जायचं होतं, आणि नुसतं जायचं नव्हतं, त्या निवडलेल्या बायकांत बसायचं होतं. टाउनशिपमध्ये बाईची ओळख नवऱ्याच्या हुद्द्यावरून आणि क्वार्टरच्या टाइपवरून. आई म्हणजे फोरमनसाहेबांची मिसेस. घरात रोज पानं वाढल्यावर "कसं झालंय?" असं ती विचारायची आणि आम्ही वर्तमानपत्रातून किंवा पुस्तकातून मान न काढता काहीतरी हुंकार द्यायचो. आता एवढी मोठी, जगभर दिवे लागलेली कंपनी तिला विचारणार होती, सांगा बाई, कसं झालंय? मला ती म्हणाली, "अगं, मी सांगेन ते ते लिहून घेणार आहेत." हे सांगताना ती पोळी लाटायची थांबली होती.

आठवडाभर शिकवणी होती. कंपनीची बस सकाळी टाउनशिपच्या फाटकाशी यायची आणि होशंगाबाद रोडने आम्हाला न्यायची. बायकांनी केसांना तेल लावायचं नाही, गजरा नाही, पावडर नाही, सकाळपासून लसूण नाही. आत शिरताना टिकलीसुद्धा काढून ठेवायची, पिठात पडली तर? सरदारनी आंटी म्हणाल्या, "इतना साफ तो हम गुरुद्वारे में भी नहीं होते।" बस खिदळली.

पण आत गेल्यावर कोणी खिदळलं नाही. मी आजवर कारखाना पाहिला होता तो बाबांचा: काळा, ग्रीसचा वास, कानठळ्या. इथे जमिनीत तोंड दिसत होतं. करोंदच्या मंडीतून आलेली तुरीची डाळ एका उंच नळातून पांढऱ्या प्रकाशात पडत होती आणि त्यातला एखादा काळा दाणा हवेच्या फुंकरीने आपोआप बाजूला उडत होता. आमच्या घरी डाळ निवडणं म्हणजे आई, सूप, चष्मा आणि दुपार. इथे पोत्यामागून पोती, आणि एक माणूस काचेपलीकडे चहा पीत उभा. त्या बाईंनी तयार झालेला एक पुडा हातात घेऊन त्यावरचा आकडा दाखवला. त्या आकड्यावरून ही डाळ कोणत्या ट्रकमधून आली आणि कधी दळली, ते त्यांना सांगता येत होतं. बिट्टन मार्केटमध्ये आई वांगं उलटंसुलटं करून, देठ बघून घेते, तेवढंच आमच्या घरचं शास्त्र.

सगळ्यात जास्त मी थक्क झाले ते एका थंड कपाटापाशी. तिथे त्या किराणावाल्याच्या वाटाण्याच्या सुपाचा नमुना ठेवला होता. मूळ गावाहून तो ठरलेल्या काळाने विमानाने येतो, बाई म्हणाल्या, आणि ज्या ज्या देशात ते सूप बनतं तिथे तो जातो. तिथल्या चाखणाऱ्या बायका आपलं सूप त्याच्याशी ताडून बघतात आणि जरा फरक वाटला तर यंत्रं थांबतात. माणूस मरून त्याची नातवंडं म्हातारी झाली, तरी त्याच्या हातची चव जिवंत! माझी आजी गेली तेव्हा तिच्या हातचं मेतकूट तिच्याबरोबर गेलं. आई अजूनही म्हणते, काहीतरी घालायची गं ती, विचारायचं राहिलं. मी त्या कपाटाला जवळजवळ नमस्कारच केला.

शिकवणीत पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. चाखायचं, चघळायचं आणि झाकणाच्या पेल्यात थुंकायचं, असा नियम, नाहीतर पोट भरतं आणि जीभ थकते. आमच्या बायका सगळं गिळून मोकळ्या. अन्न थुंकायचं कसं? आई तर पेल्याकडे पाहून ओशाळली. आता आपल्याला घरी पाठवणार, असं तिला वाटलं. पण त्या बाई शांतपणे म्हणाल्या, की आणखीही काही देशांत बायका थुंकायला तयार होत नाहीत, तिथे आम्ही वाट्या कमी ठेवतो, इथेही कमी ठेवू. म्हणजे आमचा संकोचही कंपनीच्या ओळखीचा निघाला.

शेवटच्या दिवशी प्रत्येकीने घरून आपल्या हातची डाळ डब्यात आणायची होती. बंगाली काकू नारळ घातलेली चण्याची डाळ घेऊन आल्या, सरदारनी आंटी काळी डाळ. आईने सकाळी आमटी केली, नैवेद्य दाखवून डबा भरला. तिच्या आमटीसाठी माणसं आमच्याकडे वाटी घेऊन यायची: तूर, चिंच, गूळ, गोडा मसाला, वर खोबरं-कोथिंबीर. आणि ती ही आमटी न चाखता करायची. आमच्या घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाकाला जीभ लावायची नाही, म्हणजे नाहीच. मीठ हाताच्या अंदाजाने, गूळ डोळ्यांनी, फोडणी कानांनी. नैवेद्य झाला की आम्हाला वाढायची आणि स्वतः सगळ्यांच्या मागून बसायची. तेव्हा कालची आमटी उरलेली असायची. ती टाकायची कशी? म्हणून कालची ती खायची, गार, आणि पुरावी म्हणून त्यात थोडं पाणी घालून. आजची उरली तर ती उद्या तिचीच. मी हे रोज पाहिलं होतं आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

परीक्षा सोपी होती. एवढ्यासाठीच ती शेवटी ठेवली होती, म्हणजे सगळ्या खुशीत घरी जातील. प्रत्येकीला एका छोट्या कप्प्यात बसवायचं, लाल दिवा, म्हणजे रंग कळू नये. समोर तीन वाट्या, तिन्ही सारख्याच गरम. दोन कंपनीने तयार केलेल्या आणि एक त्या बाईच्या स्वतःच्या डब्यातली. आपली ओळखायची आणि तिन्हींबद्दल दोन शब्द बोलायचे. आईच्या वाट्यांना वास एकाच गोड्या मसाल्याचा होता, कंपनीने तो चांगला मिळवला होता. मी बाहेर बाकावर बसले होते. माझ्या मनात शंकाही नव्हती.

बंगाली काकू हसत बाहेर आल्या. सरदारनी आंटींनी तर पहिल्याच घोटाला ओळखली होती, त्या करताना चार वेळा तळहातावर घेऊन चाटतात. आई आली ती जरा लाल होऊन, खुशीत. माझा हात दाबून म्हणाली, "कंपनीने काय आमटी केलीय गं! तिसरी वाटी. आंबट-गोड असं बरोबर जमलंय, आणि शेवटी खोबरं येतं. तोंडात राहते नुसती. यंत्राला हे जमतं म्हणजे कमाल आहे."

"आणि आपली?"

"पहिली. पाणचट, मिठाला कमी. लगेच ओळखली."

थोड्या वेळाने त्या बाई आमच्यापाशी आल्या आणि आईच्या शेजारी बसल्या. हळू बोलल्या, "भाभीजी, पहली हमारी थी। तीसरी आपकी है।"

"नहीं नहीं," आई म्हणाली, "मेरी इतनी अच्छी नहीं होती।" तिला वाटलं डबे बदलले. बाई तिला आत घेऊन गेल्या, मलाही बोलावलं, आणि आईच्याच डब्यातून, झाकणावर आमच्या क्वार्टरचा नंबर रंगवलेल्या त्या डब्यातून, एक वाटी गरम करून दिली. आईने घोट घेतला. मग आणखी एक. मग वाटी संपवली. मी तिचा चेहरा पाहत होते.

निवड झाली नाही. बाईंना वाईट वाटलं, ते दिसत होतं, पण ओळखीची चव जिला पकडून ठेवता येत नाही तिला या कामावर बसवत नाहीत आणि हा नियम सगळ्या देशांत सारखा आहे, असं त्यांनी सांगितलं. आईने वाद घातला नाही. कंपनीच्या पुड्यांची भेट घेतली, बाईंना घरी जेवायला बोलावलं आणि बसमध्ये खिडकीशी बसली. पुढे ती आमटी बाजारात आली. कोलार रोडवरच्या माझ्या घरात आजही तिचा पुडा असतो. दमून आल्यावर चालते. तेवढीच.

बसमध्ये मी तिला म्हणाले, "जाऊ दे गं आई." तिने ऐकलंसुद्धा नाही. मला वाटत होतं ती निवड न झाल्याच्या दुःखात आहे. तिला ती जागा मनापासून हवी होती आणि मला तिच्यासाठी रडू येत होतं.

संध्याकाळी घरी तिने सकाळचीच आमटी पुन्हा उकळली, भात लावला, देवापुढे नैवेद्य दाखवला. बाबा कारखान्यातून येऊन हातपाय धुऊन पानावर बसले होते. "काय, लागली का नोकरी?" त्यांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. पळी हातात घेऊन ती पातेल्यापाशी उभी होती. "अहो, ही आमटी तुम्ही रोज जेवता?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. "म्हणजे? रोज तूच तर करतेस."

"अशीच? गरम?"

"हो."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि तू पण?"

मी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. क्लबातल्या पडद्यावर देशामागून देशात दिवे लागताना सगळ्या बायका जशा तोंड उघडं टाकून पाहत होत्या, तशी ती त्या पातेल्यात पाहत होती.

"इतकी चांगली असते," ती म्हणाली, "मग मला कोणी सांगितलं का नाही?"

देवाचा मान तिने ठेवला होता, आमचा ठेवला नाही. वाटी काठोकाठ भरून घेतली आणि आमची पानं रिकामी असताना, ओट्याशी उभ्यानेच, फुंकर घालत ती आमटी प्यायला लागली.