लेथवर चढलेली डाय

आमच्या ह्यांचा उजवा खांदा आखडला आणि अहमदपूरच्या आमच्या दुकानातलं आटे पाडायचं काम बंद पडलं. लेथ होती, पण ती नांदेडहून जुनी घेतलेली. आटे पाडायचे गिअर आधीच्या मालकानंच कुठंतरी हरवलेले. त्यामुळं बोल्टाचे आटे हे हातानंच पाडायचे. रॉड व्हाइसमध्ये आवळायचा, दोन दांड्यांच्या हँडलात डाय, म्हणजे आटे कापणारी पोलादी चकती, बसवायची आणि थोडं पुढं, जरा मागं असं पिळत राहायचं. डॉक्टरनं ते पिळणं बंद केलं आणि भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिला. ह्यांची बोटं कॅलेंडरपर्यंत जायची आणि तिथंच तारखा बघत थांबायची.

पेरणी तोंडावर आली होती. पेरणीयंत्राच्या बोल्टांसाठी लोक खेटे घालत होते. त्यात लातूरहून माझ्या दिराचा फोन आला. त्याचं तिथं मोठं वर्कशॉप आहे. "दादा, लेथ विकून टाका आन माझ्याकडं या. नुसतं लक्ष ठिवायचं." दीर मनानं वाईट नाही, पण धाकट्याच्या हाताखाली थोरला, या विचारानंच ह्यांचा घास तोंडात फिरायला लागला. आणि मला तर जन्मभर जावेच्या घरी पाहुणी होऊन राहायचंच नव्हतं.

मग ह्यांनी डोकं चालवलं. लेथनंच रॉड फिरवायचा आणि डाय जागेवर धरायची. त्यासाठी ह्यांनी एक जाड नळकांडं घडवलं. त्याच्या तोंडात डाय बसायची आणि मागनं ते एका गुळगुळीत दांड्यावर पुढंमागं सरकायचं. दांडा लेथच्या दुसऱ्या टोकाला पक्का केलेला. लेथ अगदी हळू चालवून नळकांडं नुसतं मुठीत धरायचं. खांदा वर करायची गरजच नाही. हवे तेवढे आटे पडले की हात काढून घ्यायचा. मग नळकांडंही रॉडबरोबर मोकळं फिरतं आणि पुढं काही कापलं जात नाही.

पहिल्या दिवशी बघायला बाकावर शेतकरी दाटीवाटीनं बसले. डायवर सोडायचं तेल संपलेलं, म्हणून ह्यांनी माझ्या स्वयंपाकघरातलं करडीचं तेल उचलून आणलं. ते लोखंडावर पडून असा वास सुटला, की एकानं मला विचारलं, "भजे तळून राहिले का काय?"

आटे छान पडत आले. आटे कुठं थांबवायचे त्याची रॉडवर केलेली खूण आली. "दादा, सोडा आता," बाकावरून आवाज आला. पण आमचे हे काही सोडतील तर ना. शेजारच्या पंक्चरवाल्याशी भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आठवत नाही, तरी ह्यांनी अबोला धरून ठेवलेला आहे. खूण मागं गेली, डाय रॉडच्या जाड भागाला जाऊन भिडली, नळकांडं हिसका मारून मुठीतून निसटलं आणि पडलेले सगळे आटे सोलून निघाले. बोल्ट टकला झाला.

"रॉडच हलका हाय," हे म्हणाले. पुढच्या बोल्टाला डाय खराब होती, त्याच्या पुढच्याला व्होल्टेज कमी होतं आणि शेवटच्याला मी मधेच उभी होते.

माझं डोकंच फिरलं. "व्हा बाजूला," मी म्हणाले आणि नळकांडं धरलं. तळहाताला बारीक थरथर जाणवत राहिली. खूण आली तसा मी हात काढला आणि नळकांडं रॉडबरोबर निवांत फिरायला लागलं. ह्यांनी लेथ थांबवली, उलटी फिरवून डाय बाहेर काढली आणि नट लावून बघितला. तो नुसत्या बोटानं शेवटपर्यंत गेला. हे पुन्हा पुन्हा तो चढवत-उतरवत बसले. काही खोट सापडते का बघत होते. सापडली नाही. मला इतका आनंद झाला, की पुढचा रॉड लावा म्हणून मी ह्यांच्यावरच खेकसले.

पेरणीच्या ऐन गर्दीत दीर टेम्पो घेऊन आला, लेथ विकायला न्यायलाच. मी आटे पाडत होते. थोडा वेळ बघून तो म्हणाला, "वहिनी, हे तर कुणीबी करंल." आणि त्यानं नळकांडं धरलं. खूण आली. खूण गेली.

"अरं सोड की! सोड म्हणून राहिलो ना!" हे जिवाच्या आकांतानं ओरडत होते. टकला बोल्ट हातात घेऊन दीर म्हणाला, "दादा, रॉड हलका हाय." बाकावरच्या मंडळींना एकदम खोकला आला.

दिरानं हात पुसले. "ते जाऊ द्या. टेम्पो उभा हाय. लेथ चढवायची का?"

ह्यांनी घसा साफ केला. पुन्हा हट्टाला पेटून काय बोलतील याचा नेम नव्हता. पण ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "आटे आता ही पाडती. हिला इचार."

लेथ घेताना, दुकान काढताना, एवढंच काय दुकानाला रंग देतानासुद्धा मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. बोलायचं मनात खूप साठलं होतं. पण तोंडातून नुसतं "न्हाई" निघालं, आणि ते इतक्या मोठ्यानं, की बाहेर टेम्पोच्या ड्रायव्हरनं दिराची वाट न बघताच गाडी वळवायला घेतली.