बिल्ला नसलेली म्हैस

"ऐका हो ऐका! छावणीतल्या तमाम पशुपालकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की उद्या पहाटे पूर्वेला शुक्र आणि गुरू एकमेकांना खेटून उगवणार आहेत. कुणीही घाबरू नये. कडबा नेहमीच्याच वेळी मिळेल!"

ही घोषणा माझी. काही वर्षांपूर्वीच्या दुष्काळातल्या एका संध्याकाळी केजजवळच्या आमच्या गावात, चारा छावणीच्या भोंग्यावरून ठोकलेली. मजकूर अंकुशचा, गळा माझा. या गळ्यापायीच तो मला भोंग्या म्हणायचा. अंकुश आमच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव, माझा पहिलीपासूनचा दोस्त... 'होता' लिहायला हात अजून धजत नाही. त्याला जाऊन पाच आठवडे झाले. त्या दिवशी पहाटे चारला त्याचा फोन आला होता आणि "आलोच" म्हणून मी कूस बदलली होती. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा बाहेर उजाडलेलं. पडद्यावर त्याचंच नाव. मी खेकसलो, "आलो म्हणलं ना बे, कावून ओरडतो?" पलीकडे त्याची बायको होती, सुमनवहिनी. "भाऊजी, मी चहा घेऊन गच्चीवर आले तर ह्ये खुर्चीतच... हालंनात वो."

मी चपला न घालता पळालो. काल संध्याकाळी पारावर बसून माझी नक्कल करणारा माणूस. त्याला काही होईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो.

त्या दुष्काळात दूध संस्थेनं छावणी चालवली. प्रत्येक जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला, आणि रोज सकाळी बिल्ला दिसेल असा त्याचा फोटो काढून तालुक्याला पाठवायचा. त्यासाठी संस्थेनं एक छोटा कॅमेरा घेतला आणि तो अंकुशच्या गळ्यात पडला. हा गडी चारलाच उठायचा आणि जनावरांच्या आधी आभाळाचे फोटो काढायचा. "दुष्काळाचं आभाळ लई साफ असतंय, भोंग्या," एकदा हळूच म्हणाला, "पण हे बोलायची बी लाज वाटती."

मी घोषणा केली त्याच्या दुसऱ्या पहाटे त्यानं ती जोडी टिपली आणि गडबडीत तो फोटो जनावरांच्या गठ्ठ्यात गेला. आठ दिवसांनी तालुक्याहून कागद आला: 'छायाचित्रात काळी म्हैस. चमकणारे दोन डोळे दिसतात, कानातील बिल्ला दिसत नाही. खुलासा करावा.' आम्ही दोघं कडब्याच्या गंजीमागं पोट धरून लोळलो. मग अंकुशनं शांतपणे, वळणदार अक्षरात खुलासा लिहिला: 'सदर म्हैस छावणीत दाखल नाही. ती पहाटे पूर्वेकडून येते आणि चारा न खाता उजाडताना जाते.'

बोगस जनावर पकडायला साहेब स्वतः पहाटे पाचला जीपनं हजर! अंकुशनं अदबीनं बोट वर केलं; एव्हाना दोन्ही डोळे एकमेकांपासून जरा लांब सरकले होते. साहेब बराच वेळ मान वर करून उभे राहिले. आता रागावणार, म्हणून मी अंकुशच्या मागं सरकलो. शेवटी ते म्हणाले, "यातला मोठा डोळा कोणता हो?"

तेव्हापासून दोन ग्रह जवळ आले, की आमच्याकडे 'म्हैस आली' असंच म्हणायचं. पण तो पहिला फोटो फार हललेला होता, डोळे कसले, नुसते दोन फराटे. ते अंकुशला सलत राहिलं. पुढे त्यानं स्वतःचा चांगला कॅमेरा घेतला, तो हलू नये म्हणून तिवई घेतली. तसा योग आला की नेमकं आभाळ भरायचं. यंदाही श्रावणातल्या तीन पहाटा हाताशी होत्या. पहिल्या दोन ढगांत गेल्या. पिकाला पाऊस हवा होता, गाव खूश, आणि हा चोरून आभाळाकडं बघायचा. "उद्या शेवटचा चान्स हाय," तो पारावर म्हणाला होता, "तू पायजेस. तुझ्यासमोरच घावली होती ती." मी मोठ्या रुबाबात शब्द दिला होता.

तेरावा झाला तरी वहिनींनी गच्चीवरची ती तिवई हलवू दिली नव्हती. नुसता त्याचा टॉवेल पांघरला होता. मग एके दिवशी त्यांनीच कॅमेरा माझ्या हातात दिला. "बघा बरं, ह्येंना घावली का न्हाई." मला ते बघायचं नव्हतं. नसेल घावली, तर काय सांगू? आणि घावली असेल, तर मी तिथं का नव्हतो?

कॅमेरा दर मिनिटाला आपणहून फोटो घेईल, असा लावून तो खुर्चीत टेकला होता. आम्ही एकेक चित्र सरकवत गेलो. ढग. ढग. ढगाला चीर... आणि मग ती! शुक्र आणि गुरू, टाचणीच्या डोक्याएवढे, लख्ख, जरासुद्धा न हललेले. पुढच्या चित्रात किंचित वर, त्याच्या पुढच्यात आणखी वर. कॅमेरा बिचारा काढतच राहिला होता. उजाडलं, डोळे विझले, शेवटची चित्रं तर नुसती पांढरी. यातल्या कोणत्या चित्रापर्यंत अंकुश बघत होता, ते कळायला मार्ग नाही. मी ती पांढरी चित्रंच पुढंमागं सरकवत राहिलो.

वहिनींनी माझ्या हातून कॅमेरा घेतला, त्या दोन डोळ्यांच्या चित्राशी परत आल्या आणि एकदम मोठ्यानं, जणू तो खालीच दूध मोजतोय, अशा त्राग्यानं म्हणाल्या, "म्हैस तर आलती की वो, भाऊजी! मंग ह्ये कावून गेले?"