भिमाजीने दुसऱ्याचा वीर आणला

आमच्या शेजारचा भिमाजी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होता. नाशिकरोडला आमची घरं भिंतीला भिंत लावून होती, त्यामुळे या आठवड्यात त्याची पाळी कोणती हे मला त्याच्या घोरण्यावरून कळायचं. दुपारी घोरला तर रात्रपाळी, संध्याकाळी घोरला तर सकाळची. घरोघरच्या दिव्यांना वीज धाडणाऱ्या या माणसाचे स्वतःचे डोळे मात्र कायम मिटायला आलेले असत. पापण्यांच्या कडांना कोळशाची बारीक धूळ बसून बसून तिचं काजळ झालं होतं. नवीन माणसाला वाटायचं, हा तमाशात काम करतो की काय.

तरी फाल्गुन लागला, थंडी सरली आणि हातगाडीवर द्राक्षांचे ढीग दिसू लागले की भिमाजी मुलीला घेऊन बाहेर पडायचाच. मुलगी एकुलती, हर्षाली. बाप म्हणून त्याने काही कमी केलं नाही, फक्त पोहोचला की झोपायचा. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर "दोन मिनिटं टेकतो" म्हणाला. हर्षाली आणि तिची आई सविता सगळी लेणी बघून खाली आल्या, तेव्हा हा पाण्याची पिशवी पोटाशी धरून गाढ. सोमेश्वरला होडी काठ सोडायच्या आधीच याची मान पडली. नावाडी घाबरला, त्याला वाटलं भोवळ आली. त्र्यंबकेश्वरी तर रांगेत उभ्या उभ्या झोपला. रांगेनेच त्याला ढकलत गाभाऱ्याशी नेलं, दर्शन घडवलं आणि बाहेर आणून सोडलं.

हर्षाली तिसरीत होती तेव्हा शाळेत निबंध आला, 'आमची सहल'. तिने सगळं छान लिहिलं आणि शेवटचं वाक्य लिहिलं, "तिथे बाबा झोपले." दोन महिन्यांनी 'मी पाहिलेले ठिकाण' आला. शेवटचं वाक्य तेच. बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. भिमाजीने ती वही मला आणून दाखवली. हसत होता, पण वही परत घेताना म्हणाला, "नाना, पोरगी मोठी झाल्यावर तिला बापाचं काय आठवेल? उघडं तोंड."

हे सगळं अठ्ठ्याण्णव सालच्या धुळवडीच्या आधीचं.

नाशकात धुळवडीला वीर निघतात. घराण्यात पूर्वी कधी कुणी पराक्रम करून गेला असेल, तर त्याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात असतो. तो टाक थाळीत नारळाशेजारी लाल कापडात बांधायचा, वाजतगाजत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर न्यायचा, स्नान घालायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी आणायचा. पोरंटोरं राम-कृष्ण-शिवाजी बनून पुढे चालतात. मुलांना याहून मोठी चैन नाही.

भिमाजीच्या घराण्याचा वीर म्हणजे त्याचा खापरपणजा खंडेराव. भिमाजीची आई झुंबरबाई सांगायची की त्याने घोड्यावरून बिबट्या मारला. तिच्याच दिराच्या सांगण्याप्रमाणे बिबट्या बघून घोडा पळाला आणि खंडेराव पडला. टाकावर घोडा होता, बिबट्या नव्हता. एवढ्यावरून ज्याने त्याने समजून घ्यावं.

हर्षालीला त्या वर्षी झाशीची राणी होऊन वीरापुढे चालायचं होतं. भिमाजीची त्या दिवशी नेमकी दुपारपाळी. सणाची पाळी कुणी फुकट घेईना, म्हणून बदल्यात त्याने आदली रात्र आणि सकाळ अशा दोन पाळ्या सलग केल्या. सोळा तास उभं राहून तो तीन वाजता दारात आला. राणी पुठ्ठ्याची ढाल-तलवार घेऊन उंबऱ्यातच उभी होती.

"बाबा, वीर परत देवात बसेपर्यंत झोपायचं नाही."

"नाही झोपणार."

"शपथ?"

"तुझी शप्पथ."

"माझी नको, तुमची घ्या. मोडली तर?"

घेतली बिचाऱ्याने. तोंडावर पाणी मारलं, टोपी घातली आणि तिघं बस धरून गंगेवर गेले.

स्नान होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग पलीकडे हलगी कडाडली आणि राणीला तिथे नाचायचं होतं. सविता तिच्यामागे धावली. भिमाजी थाळी घेऊन पायरीवर बसला. हलगी एवढी वाजत होती की कानाशी तोंड नेल्याशिवाय बोललेलं कळत नव्हतं, त्यामुळे जागं राहायची त्याला खात्री होती.

दोघी परत आल्या तर भिमाजीचं डोकं एका अनोळखी पागोटेवाल्याच्या खांद्यावर आणि पागोटं भिमाजीच्या डोक्यावर. दोघं झोपलेले. मध्ये दोन थाळ्या, दोन्हींवर लाल कापड. सविताने हलवलं, तसे दोघं दचकून उठले, एकमेकांना "राम राम, राम राम" म्हणाले, पागोटं ज्याचं त्याच्या डोक्यावर गेलं आणि हाताला आली ती थाळी उचलून दोघं चालू पडले. बसमध्ये राणी बापाला सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

सव्वासहाच्या सुमाराला भिंतीपलीकडून झुंबरबाईचा आवाज आला.

"आरं भिमा, हा आपला नाय! आपला घोड्यावर हाय, हा पायी हाय!"

मी धावलो. भिमाजी भिंतीला टेकून टाकाकडे बघत होता. चेहरा उतरलेला. झुंबरबाईने देव्हारा बंद केला होता. घरचा वीर आल्याशिवाय ती दिवा लावणार नव्हती, जेवणार नव्हती. परक्याला देवात बसवायचं नाही हेही तिचं ठरलं होतं. पण म्हणून उपाशी कसा ठेवायचा? तिने पाट मांडला, त्यावर त्याला ठेवलं, होळीची उरलेली पुरणपोळी तुपासकट पुढे केली आणि तांब्या ठेवला.

"जेव बाबा. तुझ्या घरचे काळजीत असतील," असं ती टाकाला म्हणाली. आणि मुलाला म्हणाली, "बापजाद्यांपासून सांभाळला. तू गंगेवर इसरून आला."

भिमाजी एवढंच बोलला, "नाना, स्कूटर काढा."

निघताना राणीही चढली. स्कूटरवर आम्ही चौघं होतो: मी, भिमाजी, झाशीची राणी आणि कुणाचा तरी पूर्वज. वाटेभर भिमाजी माझ्या पाठीवर डोकं आपटत होता आणि दर वेळी "जागा आहे, जागा आहे" म्हणत होता.

घाटावर गर्दी ओसरली होती. त्याच पायरीवर बसायचं ठरलं. तो माणूस शोधत आला तर तिथेच येणार, आणि आपण शोधत फिरलो तर चुकामूक होणार. भिमाजी बसला. डोळ्यांना पाणी लावलं. कान पिळला. स्वतःलाच चिमटे काढू लागला. राणी शेजारी उभी राहून हे सगळं बघत होती. पाण्याने काजळ ओघळून त्याच्या गालांवर आलं होतं.

"बाबा, थाळी इकडे द्या."

"कशाला?"

"मी पहारा देते. तुम्ही झोपा."

"अगं, शपथ घेतलीय मी."

"ती मघाशीच मोडली."

"म्हणून तर..."

"काही झालं का तुम्हाला? नाही ना? मग झोपा."

भिमाजीने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. तो पायरीवर आडवा झाला आणि टोपी डोक्याखाली सरकवायच्या आत झोपला.

अर्ध्या तासाने पागोटं दिसलं. दोन्ही हातांत थाळी धरून तो माणूस एकेक पायरी बघत येत होता. राणीने पुठ्ठ्याची तलवार आडवी धरली.

"हळू बोला. बाबा झोपलेत."

"बरं बाई," तो कुजबुजला. "मी रावजी, आडगावचा. तुमचा वीर माझ्याकडं आलाय."

"तुमचा कसा आहे?"

"पायी हाय. हातात भाला. नाक झिजलंय, आमची म्हातारी रोज पुसती."

राणीने कापड सोडून नाक तपासलं. मग त्याच्या थाळीतला घोडा तपासला. मग अदलाबदल झाली.

"आमच्या आजीने याला पुरणपोळी दिली," ती म्हणाली.

रावजी ओशाळला. "आमच्या म्हातारीनं तुमचा दारातच ठेवला. म्हणाली, कोणाचा कोण, घोडा घेऊन आत नको." मग भिमाजीकडे बघून म्हणाला, "उठव की त्याला. ओळख तरी होईल."

"ती दुपारीच झालीय," मी म्हणालो.

रावजी तोंडावर उपरणं धरून हसला. द्राक्षांची खुडणी चालू होती, तीन दिवस त्याने पाठ टेकली नव्हती. जाताना त्याने भिमाजीकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या पंगतीत जागा न मिळालेला माणूस जेवणाऱ्याकडे बघतो.

"उठवायचं का गं?" मी विचारलं. "आजी उपाशी आहे."

राणीने थाळी मांडीवर घेतली. "पन्नास मोजते, मग उठवू."

पन्नासनंतर तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी आकडे ऐकत बसलो.

चौथीत तिला 'आमचा सण' हा निबंध आला. भिमाजीने याही वेळी वही मला आणून दाखवली. शेवटी लिहिलं होतं, "तिथे बाबा झोपले. मी उठवले नाही." बाईंनी याही वाक्याखाली लाल रेघ ओढली होती.